टांकसाळीत चुकलेलं की बाहेर बिघडवलेलं? : नाणेसंग्राहकांचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयाचे निवडले आहेत, कारण पत्रंच तशी आली. कुणाला 'एरर' नाणं, म्हणजे टांकसाळीत चुकून निघालेलं नाणं, विकत घ्यायचंय, कुणी घेऊन बसलंय, कुणाला घरच्या डब्यात सापडलंय आणि शेजारचा लाखांच्या गोष्टी सांगतोय.

मी नोकरीची सगळी वर्षं भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये तपासणी विभागात होते. पट्टीतून कापलेल्या चकत्या, डायखालून (पोलादी साच्याखालून) निघालेले जॉब, म्हणजे तयार भाग, आणि त्यातला फसलेला बाजूला काढून तो का फसला हे शोधणं, हे माझं काम. नाणं हाही प्रेसखालून निघालेला जॉबच आहे. त्यामुळे एरर नाणं समोर आलं की ते दुर्मीळ आहे का, किंमत किती, हे मी नंतर बघते. आधी एवढंच विचारते की हे मशीनवर घडू शकतं का, आणि घडलं असेल तर नेमकं कुठल्या टप्प्यावर. खालची उत्तरं त्याच प्रश्नातून निघाली आहेत.

प्रश्न : ताई, मला पाच रुपयांचं एक पिवळं नाणं विकत मिळतंय. छाप एका बाजूला सरकलाय आणि चंद्रकोरीएवढी जागा कोरी आहे. विक्रेता साडेचार हजार सांगतो. व्हॉट्सअॅपवर फोटो स्वच्छ आले आहेत. घ्यावं का? (वाचक, सातारा)

फोटोवर घेऊ नका. हातात घेऊन बघायला मिळणार असेल तर मात्र जरूर बघा, कारण सरकलेला छाप हा टांकसाळीत खरोखर होणारा प्रकार आहे.

नाणं कसं पडतं ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात आणि एका मशीनमधून फिरवून त्यांची कड किंचित उचलून घेतात. मग चकती प्रेसमध्ये एका पोलादी रिंगेत बसते, तिला कॉलर म्हणतात. एक डाय खाली, एक वर. दाब पडला की धातू डायच्या खोलगट नक्षीत शिरतो आणि बाजूला कॉलरपर्यंत पसरतो. नाण्याचा नेमका गोल आकार आणि कडेवरच्या उभ्या रेघा कॉलरमुळे येतात.

चकती कॉलरमध्ये न बसता एका बाजूला लटकली तर डायखाली तिचा काही भागच येतो. तुमच्या नाण्यावर हेच घडलं असेल तर त्याचे पुरावे नाण्यावरच असणार. पहिला पुरावा मागच्या बाजूला. पुढे जिथे कोरी कोर आहे, बरोबर तिच्या पाठीमागेही कोरी कोर हवी, कारण दोन्ही डाय एकाच वेळी, एकाच जागी दाबले जातात. दुसरा पुरावा कडेला. चकती कॉलरबाहेर असताना दाब पडला तर धातूला अडवणारं कुणी नसतं. नाणं थोडं फाकतं, लंबगोल होतं आणि कॉलरच्या रेघा त्याला मिळत नाहीत. म्हणजे छाप सरकलेला, पण कडेवर सगळीकडे रेघा नीट आणि व्यास बरोबर २३ मिलिमीटर (२०१९ च्या आधीच्या मालिकेतल्या नाण्याचा), असं असेल तर गडबड आहे. तिसरा पुरावा त्या कोऱ्या भागात. चकतीची मशीनमध्ये उचललेली कड तिथे तशीच दिसायला हवी. ज्याने घासून कोरी जागा तयार केली, त्याच्याकडून ती कड हमखास जाते.

शेवटी वजन. छाप कितीही सरकला तरी धातू कुठे जात नाही. २०१९ च्या आधीच्या मालिकेतल्या निकेल-पितळेच्या पाच रुपयांचं वजन ६ ग्रॅम असतं, ते ६ च्या आसपासच भरलं पाहिजे. साडेपाच भरलं तर उरलेला अर्धा ग्रॅम कुणाच्या तरी कानशीने नाहीतर बफव्हीलने (घासायच्या चाकाने) खाल्ला आहे. भिंगाखाली कोऱ्या जागेवर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर वजन करायचीही गरज नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. कधीकधी एकच डाय जरा सरकून बसलेला असतो. मग नाणं पूर्ण गोल, कडेच्या रेघा जागेवर, एका बाजूची नक्षी मधोमध, आणि दुसऱ्या बाजूची थोडी सरकलेली. एकीकडे काठ रुंद, समोर बारीक. हेही खरंच असतं, पण पुष्कळ सापडतं. त्यासाठी साडेचार हजार कुणी मागत असेल तर नमस्कार करून निघा.

प्रश्न : एका जुन्या नाणेवाल्याने मला एक रुपयाचं 'लाखी' नाणं दाखवलं. एका बाजूला नेहमीसारखा छाप, दुसऱ्या बाजूला उलटी, खोलगट चित्रं. हे खरं असतं का? (वाचक, कोल्हापूर)

असतं, आणि एरर नाण्यांमध्ये माझा सगळ्यात लाडका प्रकार हाच. म्हणूनच याच्या नकला बघून मला मनापासून राग येतो.

लाखी कसं होतं ते बघा. एक नाणं छापून झाल्यावर बाहेर न पडता वरच्या डायला चिकटून बसतं. तेवढ्यात पुढची चकती कॉलरमध्ये येते. आता तिच्या खाली खरा डाय आहे, पण वर डायऐवजी आधीचं नाणं आहे, त्याची उघडी बाजू खाली करून. दाब पडतो. नव्या चकतीला खालून नेहमीसारखा उठाव मिळतो आणि वरून आधीच्या नाण्याची तीच बाजू उलटी आणि खोलगट उमटते.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळी पारख त्यात आहे. खऱ्या लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं, एकीकडे उठलेलं आणि दुसरीकडे आत गेलेलं. समजा, १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया आहे, '१' हा आकडा आणि बाजूला कणसं असलेला. काट्याच्या बाजूला कणसं उठून दिसत असतील, तर दुसऱ्या बाजूला तीच कणसं आरशातल्यासारखी खोलगट हवीत, आणि पूर्ण लाखीत तिथे सिंहमुद्रेचा मागमूसही नको. सिंह तिथे कधी उमटलेलाच नसतो.

नकली लाखी बहुतेक वेळा व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या शिकंज्यात, तयार होतं. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळतात नाहीतर हातोड्याने ठोकतात. त्यातून उलटा ठसा येतो खरा, पण नाण्यावर आधीपासून असलेली नक्षी जाणार कुठे? ती चेपून राहते. भिंगातून बघा, उलट्या अक्षरांच्या मधल्या जागांत मूळच्या अक्षरांचे चपटे अवशेष दिसतील. शिवाय व्हाइसचा जबडा ज्या बाजूला टेकला होता, तिथली उंच टोकं, सिंहाच्या आयाळी, आकड्याचा माथा, सपाट होऊन चकाकत असतात. खऱ्यात तसं होत नाही, कारण त्या बाजूला डाय होता आणि डायने नक्षी नीट भरून काढली आहे. ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांवर अशा करामती फार होतात, कारण धातू मऊ. तिथे दुप्पट सावध राहा.

चिकटलेलं नाणं जितका वेळ डायला राहतं तितकं ते स्वतः पसरत जातं. त्यामुळे पहिल्या दाबातलं लाखी स्वच्छ आणि पूर्ण असतं, नंतरच्यांमध्ये खोलगट चित्र मोठं आणि धूसर होत जातं. स्वच्छ उलट्या चित्राला जास्त पैसे पडतात ते यासाठी.

प्रश्न : कडेला चावा घेतल्यासारखा गोल तुकडा नसलेलं नाणं मिळालं. कुणी कापलंय की टांकसाळीतलं आहे, कसं ओळखायचं? (वाचक, नाशिक)

हा प्रश्न आला की मला आमच्या शॉपमधली पट्टीच आठवते. वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरी अर्धवट निघते ना, अगदी तेच इथे होतं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर पडला, आणि चकतीला गोल खाच आली. पट्टीच्या टोकाला पंच पडला तर खाच सरळ येते.

म्हणजे ही चूक छापायच्या आधीची आहे. यावरूनच ओळखायचं. चकती आधीच अपुरी होती, मग तिच्यावर दाब पडला. खाचेजवळ धातूला एका बाजूने आधार नव्हता, म्हणून तो खाचेकडे थोडा वाहतो. अक्षरं तिथे फिकी होतात, ताणल्यासारखी दिसतात, काही तर विरघळत जातात. कानशीने नाहीतर कात्रीने मागाहून कापलेल्या नाण्यावर अक्षर खाचेपर्यंत पूर्ण ठसठशीत येतं आणि एकदम तुटतं. बोटाने खाचेची धार चाचपा. ताजी बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरबरीत धार, लागली तर नाणं परत करा.

दुसरी खूण खाचेच्या बरोबर समोरच्या टोकाला असते, आणि नवशिक्या नक्कल करणाऱ्याला ती ठाऊकही नसते. चकतीची कड उचलणारं मशीन दोन्ही बाजूंनी दाब देतं. एका बाजूला खाच आली की त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. त्यामुळे खाचेसमोरचा काठ अशक्त, बुजलेला राहतो. अनेक खऱ्या नाण्यांत हे दिसतं. सगळ्यांत दिसेलच असं नाही, पण दिसलं तर माझा जीव भांड्यात पडतो.

प्रश्न : माझ्याकडे दहा रुपयांचं नाणं आहे. मधली पांढरी चकती तिरकी बसली आहे, सिंह कलंडलेला दिसतो. ऑनलाइन अशा नाण्यांना हजारो रुपये सांगतात. (वाचक, डोंबिवली)

हे टांकसाळीत झालेलं नाही. दहाच्या नाण्यात पिवळं कडं आणि पांढरी चकती हे दोन वेगळे तुकडे असतात, पण त्यांच्यावरचा छाप एकाच दाबात पडतो, आणि त्याच दाबाने ते एकमेकांत घट्ट बसतात. एकाच डायने एकाच क्षणी कड्यावर आणि चकतीवर चित्र उमटवलं, तर चकतीवरचं चित्र कड्याच्या मानाने फिरलेलं कसं असेल? छाप पडल्यानंतर कुणीतरी चकती ठोकून काढली आणि पुन्हा बसवताना ती फिरली, इतकंच.

भोक पडलेली, म्हणजे चकतीच नसलेली दहाची नाणीही विकायला येतात. तिथे भोकाची आतली कड बघा. चकती नसतानाच दाब पडला असेल तर कड्याचा धातू मोकळ्या जागेत वाहतो. भोक लहान होतं, आतली कड गोलसर, बेढब होते आणि तिच्यावर नक्षी सांडलेली दिसते. नंतर चकती काढली असेल तर आतली भिंत सरळ असते, आणि चकती ज्या खाचेत अडकली होती ती खाच बहुधा दिसते. चकती बाजूला सरकून कड्यावर चढलेली असेल आणि छाप मात्र दोन्ही धातूंवरून सलग, न तुटता गेलेला असेल, तर ते नाणं खरं असण्याची शक्यता चांगली. नक्षीची रेघ धातूंच्या सांध्यावर तुटते का, एवढंच भिंगातून तपासा.

पूर्ण नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, व्यास २७ मिलिमीटर. वीस रुपयांचं बाराकोनी नाणं ८.५४ ग्रॅमचं, आणि त्यात रंग उलटे: कडं पांढरं, मध्य पिवळा. दहाच्या दोन नाण्यांवर रुपयाचं चिन्ह एकावर आहे नि दुसऱ्यावर नाही म्हणून काही जण पत्र पाठवतात. ती दोन्ही नाणी चलनातली आहेत. चिन्ह २०११ पासून आलं, इतकाच फरक.

प्रश्न : मी न्यू जर्सीला राहते. इथलं क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं) फिरवलं की मागचं चित्र उलटं येतं, डोकं खाली. भारतातली नाणी अशी नसतात. हे डाय रोटेशन आहे का? (वाचक, न्यू जर्सी)

अमेरिकेची नाणी नियमाने तशीच असतात, त्यात चूक नाही. तुमच्या गल्ल्यातली सगळी क्वार्टर्स फिरवून बघा, सगळी तशीच निघतील.

आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांत मात्र दोन्ही बाजू सरळ असतात. नाणं वर आणि खाली दोन बोटांत धरा, सिंह सरळ ठेवा आणि पान उलटावं तसं फिरवा. मागची बाजू सरळ उभी दिसली पाहिजे. डाय पकडीत सैल होऊन फिरला तर ती तिरकी येते. थोडी तिरकी नाणी खिशातसुद्धा मिळतात, त्यांना फारशी किंमत नाही. नव्वद अंशात आडवं किंवा एकशे ऐंशीत पूर्ण उलटं असेल तर संग्राहक घेतात. या प्रकाराची मी नवीन मुलांना शिफारस करते, कारण एकसंध नाण्यात ही चूक बाहेर करता येत नाही. फक्त कडेला सांधा नाही ना, एवढं बघा. तो का, ते पुढच्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : दोन्ही बाजूंना छापा असलेला रुपया जुन्या बाजारात दोनशेला मिळाला. खरा आहे? (वाचक, पुणे)

नाही. लेथवर तासाभराचं काम आहे. एक नाणं आतून पोखरतात, फक्त तळ आणि काठ ठेवतात. दुसरं नाणं काठ उतरवून पातळ करतात आणि पहिल्यात दाबून बसवतात. ज्या बाजूला बसवलं, तिथे काठाच्या आतल्या अंगाला केसाएवढी गोल रेघ सापडेल. नख फिरवा. फरशीवर टाकलं तर खणखणीत वाजत नाही, बद्द आवाज येतो. जादूचे प्रयोग करणाऱ्यांसाठी असं नाणं ठेवायला हरकत नाही, संग्रहात एरर म्हणून ठेवू नका.

प्रश्न : चुकीच्या धातूवर छापलेलं नाणं म्हणून तांब्याच्या रंगाचा रुपया घेतला. खात्री कशी करू? (वाचक, सांगली)

लोहचुंबक लावा. स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. तांब्याच्या रंगाचा असूनही चिकटला आणि वजन नेहमीच्या रुपयाइतकंच भरलं, तर आत स्टील आहे आणि वर मुलामा चढवला आहे. कडेवर, जिथे नाणी एकमेकांना घासतात, तिथे मुलाम्याखालचा पांढरा धातू बऱ्याचदा डोकावतो.

चुकीच्या चकतीची खरी नाणी असतात, पण त्यांचा हिशेब जुळतो. टांकसाळीत तांब्याच्या रंगाच्या भलत्याच चकत्या उडून येत नाहीत. येते ती शेजारच्या मशीनसाठी कापलेली चकती. म्हणजे नाण्याचं वजन त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्यातरी नाण्याशी जुळलं पाहिजे. पाच रुपयांचं जुनं जाड तांबे-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं आणि चुंबकाला न चिकटणारं. २००७ चं स्टीलचं पाच रुपये ६ ग्रॅमचं आणि चिकटणारं. मोठा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. अशी यादी वहीत करून ठेवा. कुणी पाच रुपयांचा छाप असलेलं स्टीलचं नाणं आणलं आणि ते ४.८५ भरलं, तर कान टवकारायचे. ५.३ भरलं आणि कुठल्याच नाण्याशी जुळत नसेल, तर ते बाहेर तासलं आहे.

ॲल्युमिनियमच्या पातळ नाण्यांबद्दलही हेच सांगते. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळतं. 'पातळ चकतीवरचं' म्हणून विकलेल्या दहा पैशांची अक्षरं साबण झिजल्यासारखी गुळगुळीत आणि काठ चहूबाजूंनी सारखाच झिजलेला असेल, तर ते सोड्यात बुडवलेलं आहे. खऱ्या पातळ चकतीवर अक्षरं धारदारच असतात. फार तर मधोमध दाब कमी पडल्याने नक्षी अपुरी राहते.

प्रश्न : माझ्याकडे वैष्णोदेवीची पाच रुपयांची नाणी आहेत, आणि वर्षाखाली चांदणी असलेली काही. एक जण दहा लाखाला घेतो म्हणतो, आधी नोंदणीचे दोन हजार मागतो. (वाचक, सोलापूर)

एक रुपयाही देऊ नका. वर्षाखालची खूण टांकसाळीची असते: चौकोनी हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकाता. चूक वगैरे काही नाही. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं स्मारक नाणं आहे, आणि तेही मुबलक आहे. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीच्या नावाखाली शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं होतं. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाला नेमलेलंही नाही. तुमच्याकडे जो पैसे मागतोय त्याचा नंबर पोलिसांच्या सायबर विभागाला कळवा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत शिवराई सापडल्या. कुणावर 'राजा' आहे तर 'श्री' नाही, एकीवर 'छत्र' आहे नि 'पति' अर्धाच. एरर म्हणून जास्त किंमत येईल का? (वाचक, वाई)

एररची किंमत येणार नाही, पण म्हणून त्यांचं मोल कमी समजू नका. शिवराई हाताने पाडायची. चकती खाली, वर ठसा धरायचा आणि घणाचा घाव. कॉलर नाही, चकती नेहमीच सारख्या आकाराची नाही, आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच येतात. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही दोन्ही वाक्यं पूर्ण असलेली शिवराई उलट दुर्मीळ, आणि संग्राहक तिलाच जास्त पैसे देतात. दोनदा घाव बसून अक्षरं दुहेरी झालेल्याही मिळतात. हाताच्या कामात ते चालायचंच. प्रत्येकीवर कुठली अक्षरं आली आणि वजन किती हे लिहून ठेवा, कारण शिवराई पेशवाईतही पडत राहिली आणि प्रकार ओळखायला हेच लागतं. लिंबू-चिंच लावून घासू मात्र नका. तो तपकिरी थर गेला की निम्मी किंमत गेली.

याच पत्रात १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाबद्दलही विचारलं आहे. त्यावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. ती चित्र काढणाऱ्याकडून राहिलेली उणीव. टांकसाळीने दिलेला ठसा बिनचूक उमटवला होता. नाणं मात्र मागणीतलं आहे, म्हणून त्याच्या नकली प्रती भरपूर. चांदीचं वजन आणि कडेच्या रेघा तपासल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : अकरावीत आहे, खाऊच्या पैशांतून एरर नाणी घ्यायची आहेत. सुरुवात कशी करू? (वाचक, पिंपरी)

पहिले पैसे नाण्यावर घालवू नकोस. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा चुंबक आणि व्यास मोजायला व्हर्नियर घे. मग घरातली आणि किराणावाल्याकडची साधी नाणी मोज. चांगल्या नाण्याची कड, काठ, वजन अंगवळणी पडलं की वाकडं नाणं आपोआप खुपतं. आमच्याकडे नवीन मुलगी तपासणीला आली की आधी तिला फक्त चांगले जॉब हाताळायला द्यायचे, ते यासाठीच.

अक्षरं दुहेरी दिसली की मुलं फार उत्साहाने लिहितात. भिंगातून बघ. अक्षराच्या बाजूला चपटी पायरी दिसत असेल आणि मूळ अक्षर बारीक झालं असेल, तर दाबाच्या शेवटी डाय थरथरल्याने धातू घसरला आहे. हे अगदी सर्रास होतं, त्याला पैसे देऊ नकोस. डायच दुहेरी कोरला गेला असेल तर अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर उठलेल्या असतात आणि टोकं दुभंगलेली दिसतात. तसं दिसलं तरच पुढे चौकशी कर.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे जरूर फिर, पण वजनकाटा खिशात ठेवून. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. संधी मिळाली तर तिथे जा. नाणीविक्रेत्यांकडून घेताना बिलावर नाण्याचं वर्णन आणि 'खरं नसल्यास परत' हे शब्द लिहून घे. लिहून द्यायला जो कचरतो त्याच्याकडून मी स्वतः कधी घेत नाही. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ताडून बघ, कारण डब्याही नकली येतात.

आणि स्वतःच्या हाताने 'एरर' करून बघायचा मोह झाला तर थांब. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. फसलेला जॉब कसा दिसतो ते शिकायचं असेल तर जवळच्या प्रेसशॉपमध्ये जा, फोरमनला विनंती कर आणि पट्टीच्या भंगारातल्या चकत्या बघ. गोल खाच, सरळ खाच, पातळ-जाड, सगळं तिथे बघायला मिळेल.